प्रवासातल्या खेळाची पाने सर्वांना खेळता येतील अशी कशी करावीत: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

कोल्हापूरहून पुण्याला किंवा मुंबईला जाताना मुलांना गुंतवून ठेवण्यासाठी आम्ही घरी एक पत्त्यांचा खेळ तयार केला होता. प्रत्येकाने पाच पाने घ्यायची, ती इतरांना दाखवायची नाहीत, आणि पानावरची गोष्ट प्रवासात आली की ते पान टाकून गुण मिळवायचे, असा तो साधा खेळ. बैलगाडी, नदी, गुऱ्हाळ, पवनचक्की, लाल कौलांचे घर अशी छत्तीस पाने होती. कोयना एक्स्प्रेसने जाताना एकदा माझ्या आत्याही खेळायला बसल्या. त्यांना काचबिंदू आहे आणि नजर बरीच कमी झालेली आहे. पाने हातात आल्यावर त्यांनी ती डोळ्यांपाशी नेली, खिडकीच्या उजेडात तिरकी धरली, आणि शेवटी माझ्याकडे देत म्हणाल्या, "वाच की गं जरा, काय लिहिलंय." मी वाचून दाखवले आणि त्याच क्षणी त्यांची पाचही पाने सगळ्यांना कळली. त्यानंतर त्या खेळत राहिल्या, पण तो खेळ त्यांचा राहिला नव्हता.

त्या प्रवासानंतर मी पाने नव्याने करायला घेतली. त्यात दोनदा छपाई वाया गेली आणि बराच काळ चुकीच्या गोष्टींवर गेला. तुम्ही घरासाठी, शाळेसाठी किंवा सहलीच्या गटासाठी अशी पाने करणार असाल, तर तो खर्च आणि ती दमछाक वाचावी म्हणून हे टप्पे क्रमाने लिहीत आहे.

१. आधी साहित्य जमवा

सुरुवातीला जुन्या पानांचा एक संच, साध्या कागदाच्या झेरॉक्स प्रती, जाड काळे मार्कर, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, कात्री आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे एका छिद्राचे पंच एवढे पुरते. ब्रेल घालायचे असेल तर ब्रेल पाटी, टोचणी आणि पारदर्शक चिकट प्लास्टिकचे कागद लागतात. छपाईला जाताना पीडीएफ फाइल, तिची कागदावर काढलेली एक प्रत आणि प्रत्यक्ष मापाचे कापलेले एक नमुना पान सोबत न्यावे. तोंडी सांगितलेले माप प्रेसमध्ये हमखास बदलते. हातात दिलेले पान बदलत नाही.

सर्वांत महत्त्वाचे साहित्य म्हणजे माणसे. ज्यांना जुनी पाने वापरता येत नाहीत अशी दोन-तीन माणसे पहिल्या दिवसापासून सोबत असली पाहिजेत. सगळे तयार झाल्यावर त्यांना दाखवायचे असे ठरवलेत, तर दुरुस्तीची वेळ निघून गेलेली असते.

२. पान काय विचारते ते तपासा

बहुतेक जण अक्षर मोठे करण्यापासून सुरुवात करतात. मीही तेच केले आणि तीच माझी पहिली मोठी चूक होती. आत्यांच्या हातात दुप्पट मोठ्या अक्षरांचे "लाल कौलांचे घर" हे पान दिले. त्यांनी ते वाचलेही, पण धावत्या गाडीतून लाल कौले त्यांना दिसणार कशी? पान वाचता आले तरी खेळता येत नव्हते. अडचण अक्षरांत जेवढी होती, त्याहून अधिक ती प्रश्नात होती.

म्हणून आधी सगळी पाने जमिनीवर मांडा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: ही गोष्ट डोळ्यांशिवाय कळते का? नंतर दुसरा प्रश्न विचारा: ती कानांशिवाय कळते का? आम्ही नियम असा ठेवला की प्रत्येक पानावरची गोष्ट किमान दोन इंद्रियांनी कळलीच पाहिजे. या कसोटीवर छत्तीसपैकी चार पाने बाद झाली. लाल कौलांचे घर, निळी मोटार, पवनचक्की आणि इंद्रधनुष्य ही ती चार पाने. इंद्रधनुष्य काढताना मुले हळहळली, मलाही वाईट वाटले, पण ते केवळ डोळ्यांचे पान होते.

उरलेल्या बत्तीस पानांवर मात्र काम करताना मला आपलाच प्रवास नव्याने कळला. नदीचे पान घ्या. रुकडीजवळ पंचगंगेच्या पुलावर गाडी आली की चाकांचा आवाज एकदम बदलतो, खालची जमीन निघून गेल्यासारखा पोकळ होतो. जयसिंगपूर सोडल्यावर कृष्णेच्या पुलावर तेच पुन्हा घडते. त्यामुळे नदीच्या पानावर आम्ही "पाणी दिसते किंवा पुलाचा आवाज येतो" असे लिहिले. गुऱ्हाळाच्या पानावर धुराडे होतेच, त्याखाली "उकळत्या रसाचा वास" हे शब्द आले, आणि हे पान हिवाळ्यातल्या हंगामातच पत्त्यांत ठेवायचे असे ठरले. उसाच्या ट्रॅक्टरला तर वेगळे काही शोधावेच लागले नाही, कारण दोन-दोन ट्रॉल्या ओढत जाणारा ट्रॅक्टर दिसण्याआधी त्यावरची गाणी ऐकू येतात. रस्त्याने गेलात तर गतिरोधक अंगाला कळतो आणि तो येताना दिसतोही. खंबाटकीच्या बोगद्यात शिरताना उजेड जातो आणि गाड्यांचा आवाज भिंतींवर आपटून दाट होतो. चहावाल्याची हाक ज्याला ऐकू येत नाही त्याला त्याच्या हातातली किटली दिसते.

इथे एक सापळा आहे. दृष्टिहीन खेळाडूंचा विचार करताना आपण उत्साहाने केवळ आवाजाची पाने वाढवतो आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाला खेळाबाहेर काढतो. "इंजिनाची शिट्टी" हे पान आम्ही असेच केले होते. ते नंतर "स्टेशन" असे बदलले. गाडीचा वेग कमी होणे, फलाट दिसणे, फेरीवाल्यांचा गलका, या सगळ्यांतून ते कळते.

३. अक्षर आणि अंक ठरवा

देवनागरीत काही अक्षरे एकमेकांच्या फार जवळची आहेत. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व, प आणि ष यांतला फरक एखाद्या छोट्या गाठीचा, आडव्या रेघेचा किंवा शिरोरेषेतल्या फटीचा असतो. अक्षर बारीक किंवा नक्षीदार झाले की तो फरकच नाहीसा होतो. अनुस्वार, रफार आणि उकार तर आणखी लवकर गळतात. म्हणून लग्नपत्रिकेवर शोभणारे वळणदार टाइप इथे अजिबात घेऊ नयेत. मुक्त किंवा नोटो सॅन्स देवनागरी यांसारखा साधा, मोकळा फॉन्ट घ्यावा. हे दोन्ही विनामूल्य मिळतात. त्यातही अगदी हलके किंवा अगदी ठळक वजन न घेता मधले घ्यावे, कारण फार ठळक अक्षरांत आतल्या पोकळ्या बुजतात.

पानाचे नाव आम्ही २८ पॉइंटात (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचे माप) आणि ती गोष्ट कशी ओळखायची हे सांगणारी खालची ओळ १६ पॉइंटात ठेवली. १६ पॉइंटात न बसणारे वाक्य दिसले की अक्षर लहान करण्याचा मोह होतो. त्याऐवजी वाक्य लहान करावे. "उसाने भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर" याचे "उसाचा ट्रॅक्टर" झाले आणि कोणाचेही काही अडले नाही. मजकूर चित्रावर छापू नये, तिरका करू नये, आणि ओळी डाव्या कडेला सरळ लावाव्यात.

अंकांबाबत विशेष काळजी घ्या. हलत्या गाडीत १ आणि ९ यांची गल्लत होते, आणि ३ व ६ ही तर एकमेकांची आरशातली रूपे आहेत. गुण दाखवायला आम्ही अंकासोबत तेवढेच ठसठशीत ठिपकेही दिले. लहान मुलांना त्याचा फायदा झाला, तसाच मराठी अंक न येणाऱ्या एका पाहुण्यालाही झाला.

४. रंगाला एकटे सोडू नका

आमची पाने चार गटांची होती: वाहने, पाणी, शेतशिवार आणि बाजार. जुन्या संचात शेतशिवार हिरवे आणि बाजार तांबडा होता. माझा एक भाचा नेमकी याच दोन गटांची पाने सतत एकमेकांत मिसळत असे आणि आम्ही त्याला धांदरट म्हणत असू. त्याला तांबडा आणि हिरवा हे रंग वेगळे दिसतच नाहीत हे आम्हाला या कामात कळले. ही रंगांधता पुरुषांमध्ये बरीच अधिक आढळते, कारण तिच्याशी संबंधित जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. तुमच्या गटातही असे कोणी असू शकते, आणि त्याचे त्यालाही ठाऊक नसेल.

यावर उपाय नवा नाही. आपल्या शेजारच्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा या पत्त्यांच्या खेळात दहा अवतारांच्या दहा गटांची प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पाने असतात, आणि प्रत्येक अवताराला पार्श्वभूमीचा रंग असतो तशी मासा, कासव, कुऱ्हाड अशी खूणही असते. नुसत्या रंगावर तिथे काहीच सोपवलेले नाही. आम्हीही वाहनांना चाक, पाण्याला लाट, शेताला कणीस आणि बाजाराला पिशवी अशा खुणा दिल्या आणि रंग काळा, निळा, नारिंगी व काळ्या कडेचा पिवळा असे निवडले. हे चार रंग केवळ छटेनेच नव्हे तर गडदपणानेही एकमेकांपासून वेगळे आहेत.

तपासण्याची सोपी पद्धत अशी: रंगीत नमुन्याची काळी-पांढरी झेरॉक्स काढा. चारही गट झेरॉक्सवर ओळखता आले तरच रंग पक्के करा. मजकुराच्या आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरकही पाहा. वेबवरील मजकुरासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांत हा फरक किमान ४.५ : १ असावा, असे धरले आहे, आणि कमी दिसणाऱ्यांसाठी ७ : १ हा अधिक कडक निकष आहे. छापील पानालाही तो मार्गदर्शक म्हणून वापरता येतो. पांढऱ्यावर काळे अक्षर २१ : १ इतके ठळक असते; पांढऱ्यावर पिवळे मात्र जवळजवळ नाहीसेच होते.

५. बोटांना वाचता येईल असे करा

या टप्प्याला घाई करू नका. सर्वांत आधी प्रत्येक पानाचा वरचा उजवा कोपरा साधारण ८ मिलिमीटर तिरका कापा. पान सुलटे आहे की उलटे हे त्यामुळे न पाहता कळते. ही गोष्ट ब्रेलसाठी अत्यावश्यक आहे. ब्रेलमधला ४ उलटा धरला की त्याची ठेवण ८ सारखी लागते आणि ६ ची ० सारखी; दिशा कळली नाही तर वाचणाऱ्याचा नाहक गोंधळ होतो.

गट ओळखण्यासाठी पानाच्या डाव्या कडेवर अर्धगोल खाचा पाडा. वाहनांना खाच नाही, पाण्याला एक, शेताला दोन, बाजाराला तीन. पंच कडेवर अर्धाच बसवून दाबला की खाच पडते. साध्या पंचाने जाड पानाची कड चुरगळते असे दिसले, तेव्हा आम्ही चप्पल तयार करणाऱ्या एका कारागिरांकडे गेलो. चामड्याला भोके पाडण्याच्या त्यांच्या पंचाने, खाली लाकडाचा ठोकळा ठेवून एक ठोका दिला की खाच इतकी स्वच्छ पडली की तिच्यावरून बोट फिरवताना कुठेच अडत नव्हते. लॅमिनेशनची धार लहान मुलांच्या बोटांना लागते, म्हणून उरलेले तीन कोपरे गोल करून घ्यावेत.

आता ब्रेल. मराठीसाठी भारती ब्रेल वापरतात; भारतीय भाषांसाठी ही समान पद्धत १९५१ मध्ये ठरली. तिच्यात काना, मात्रा आणि जोडाक्षरातला हलंत यांना प्रत्येकी वेगळा कप्पा (एका चिन्हाची सहा ठिपक्यांची जागा) लागतो, आणि एका कप्प्याला आडवी जागा साधारण ६ मिलिमीटर जाते. ७० मिलिमीटर रुंदीच्या पानावर कडा सोडून फार तर दहा कप्पे बसतात. म्हणून पानाचे नाव ठरवतानाच ते ब्रेलमध्ये मोजून घ्या. जोडाक्षरांनी भरलेली नावे इथेच अडकतात.

पाटी-टोचणीने लिहिताना उजवीकडून डावीकडे, उलटे टोचावे लागते, कारण ठिपके कागदाच्या मागच्या बाजूला उठतात. थेट जाड पानावर टोचू नका. ठिपके नीट उठत नाहीत आणि मागच्या बाजूला खळगे दिसतात, त्यामुळे समोरच्याला तुमचे पान ओळखता येते. पारदर्शक चिकट कागदावर टोचून तो लॅमिनेशन झालेल्या पानावर लावावा. लॅमिनेशनच्या आधी ब्रेल केलेत तर यंत्राचे रूळ ठिपके दाबून सपाट करतात. आमची पहिली पाच पाने अशीच गेली. चिकटवून झाल्यावर ब्रेल रोज वाचणाऱ्या व्यक्तीकडून एकेक पान तपासून घ्या, कारण डोळ्यांना नीट दिसणारा ठिपका बोटाला अपुरा लागू शकतो.

६. छपाई: सर्वाधिक पैसे इथेच वाया जातात

नेहमीच्या पत्त्यांचे माप ६३ × ८८ मिलिमीटर असते. त्यात मोठे अक्षर, खूण आणि ब्रेल मावत नाही. आम्ही ७० × १०० मिलिमीटर घेतले. कापताना रंग कमी पडू नये म्हणून चारी बाजूंना ३ मिलिमीटर जादा रंग सोडला, तर १२ × १८ इंचांच्या डिजिटल शीटवर अशी बारा पाने बसतात. तीन शीटमध्ये छत्तीस पाने होतात: बत्तीस खेळाची, दोन नियमांची आणि दोन कोरी. कागद ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) आर्ट कार्ड म्हणजे जाड, गुळगुळीत कागद पुरतो. मजकूर कडेपासून ५ मिलिमीटर आत ठेवा. डाव्या कडेला खाचांसाठी त्याहून थोडी अधिक जागा सोडा.

मराठी मजकुराचा सापळा फार त्रासदायक आहे. घरच्या संगणकावर युनिकोडमध्ये नीट दिसणारा मजकूर प्रेसमधल्या जुन्या आवृत्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला की वेलांट्या जागा सोडतात आणि जोडाक्षरे फुटतात. शहरातल्या एका प्रेसमध्ये आमचे "गुऱ्हाळ" असेच फुटून छापले गेले आणि दहा संच रद्दीत गेले. मी प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायचा नमुना, मोबाइलवरच पाहून होकार दिला होता. तुम्ही मूळ फाइल देऊ नका. मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांऐवजी त्यांच्या आकारांच्या रेषांमध्ये, बदलून पीडीएफ द्या, आणि कागदावर काढलेले प्रूफ स्वतः प्रेसमध्ये जाऊन, प्रत्येक पान मोठ्याने वाचून तपासा. काळे अक्षर फक्त काळ्या शाईत छापायला सांगा. चार रंगांचे मिश्रण केले आणि शीट किंचित सरकले, तर अक्षराला रंगीत कड दिसते.

लॅमिनेशन मॅटच घ्या. ग्लॉसी पान दुकानात सुंदर दिसते, पण खिडकीतून ऊन आले की त्यावर फक्त चमक दिसते.

७. नियमही बदला

पान टाकताना त्याचे नाव मोठ्याने सांगायचे आणि ते सर्वांसमोर धरायचे, हा आमचा पहिला नियम झाला. "जो आधी ओरडेल त्याचा गुण" हा जुना नियम काढून टाकला, कारण त्यात सावकाश बोलणारी माणसे कायम हरत होती. आता गोष्ट आल्यावर पुढच्या थांब्यापर्यंत कधीही पान टाकता येते. वाळूच्या घड्याळाची गरजच उरली नाही.

हात थरथरणाऱ्या किंवा बोटे आखडलेल्या माणसांसाठी पानांची पट्टी करून घ्या. सुताराकडून ३० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद लाकडी पट्टीत १० मिलिमीटर खोल, किंचित मागे कललेली फट पाडून घ्यावी. फटीची रुंदी सांगताना नमुना पान ब्रेलसकट सुताराच्या हातात द्यावे. पाचही पाने त्यात उभी राहतात आणि एक हात मोकळा राहतो. टाकलेली पाने वाऱ्याने उडू नयेत म्हणून उभ्या काठाचे स्टीलचे ताट मधे ठेवतो. ताटात एक रुमाल अंथरला की पाने सरकत नाहीत आणि आवाजही होत नाही.

८. छपाईआधी खेळून पाहा

हा टप्पा सहाव्याच्या आधी करायचा आहे. झेरॉक्स प्रती जुन्या पुठ्ठ्यांवर चिकटवून एक संच करा आणि खरा प्रवास करा. कोल्हापूर ते मिरज एवढा पुरतो. एकदा दिवसा आणि एकदा संध्याकाळी डब्यातल्या दिव्यात खेळून पाहा.

तपासताना "जमतंय का?" असे विचारू नका. आपल्याकडची वडीलधारी माणसे त्यावर "चालतंय की" एवढेच म्हणतात, कारण तुम्ही घेतलेल्या कष्टांना नाव ठेवणे त्यांना बरे वाटत नाही. त्याऐवजी त्यांचे हात पाहा. पान किती वेळा फिरवले गेले, डोळ्यांपासून किती अंतरावर धरले गेले, बोट कुठे अडले, शेजाऱ्याकडे पान कितीदा सरकले, हे वहीत लिहा. आत्या पहिल्या चाचणीत "चालतंय" म्हणाल्या होत्या, पण त्यांचा अंगठा दर वेळी पानाच्या नावावरच येत होता. आम्ही नाव खालून वर घेतले आणि धरण्यासाठी खालचा भाग मोकळा सोडला. हे त्यांनी स्वतःहून कधीच सांगितले नसते.

९. जपणूक

पाने रबर लावून ठेवू नका. खाचांच्या जागी ती वाकतात. ब्रेलमुळे गठ्ठा जाड होतो, त्यामुळे नेहमीच्या पत्त्यांच्या डबीत तो कोंबला तर ठिपके दबतात. थोडी मोठी कापडी पिशवी शिवून घ्यावी. वर्षातून एकदा ब्रेलच्या पट्ट्या बोटांनी तपासाव्यात आणि सपाट झालेल्या बदलाव्यात. चित्रे आणि पीडीएफ जपून ठेवा, म्हणजे हरवलेले एखादे पान पुन्हा छापून घेता येते.

दोन कोरी पाने आणि एक काळे मार्कर पिशवीत कायम असू द्या. आमच्या संचातले पहिले कोरे पान आत्यांनी भरायला लावले. पावसाळ्यात पन्हाळ्याला जाताना त्यांनी सांगितले आणि मी लिहिले: "भाजलेले कणीस. धूर दिसतो किंवा वास येतो." त्याचा गट कोणता, शेत की बाजार, यावर वाद झाला. शेवटी त्या पानाला तीन खाचा पडल्या.